‘हे काम तुम्ही कसं करता?’ : दिव्यांग विद्यार्थ्यांच्या कामाच्या भेटींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे पालकांची रीघ लागते. ‘मॅडम, टक्के बरे पडलेत, आता हिला कशात घालू?’ खरं उत्तर माझ्याकडे नसतं. ते काम रोज करणाऱ्या माणसाकडे असतं. म्हणून कोल्हापूर-इचलकरंजी भागात विशेष शिक्षिका म्हणून काम करताना आम्ही मुलांना अशा माणसांकडे पाठवतो. त्याबद्दल पालक, शिक्षक आणि मुलं जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

कामाची भेट म्हणजे नेमकं काय?

एखादं काम रोज करणाऱ्या माणसाला गाठायचं, त्याच्याकडून वीस-पंचवीस मिनिटं मागून घ्यायची आणि त्याच्या कामाबद्दल विचारायचं. प्रश्न मुलानं विचारायचे, उत्तरं त्या माणसानं द्यायची. करिअर मार्गदर्शनात याला ‘इन्फर्मेशनल इंटरव्ह्यू’ म्हणतात. आम्ही ‘मुलाखत’ हा शब्द मुद्दाम टाळतो. तो ऐकला की मुलांच्या पोटात गोळा येतो आणि समोरचा माणूस ‘आमच्याकडे सध्या जागा नाही हो’ म्हणून मोकळा होतो. भेटीत नोकरी मागायची नसते, हे फोनवरच स्पष्ट सांगितलं की बहुतेक दारं उघडतात.

कल चाचणी झाली आहे, समुपदेशकांनाही भेटलो. मग हे कशासाठी?

चाचणीतून आवड कळते. कामाचा दिवस कसा असतो, हे तिच्यातून कळत नाही.

आमच्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. बाकीची मुलं न शिकवता कितीतरी कामं बघत मोठी होतात. गिरणीतून दळण आणतात, मामाच्या गॅरेजमध्ये सुट्टी काढतात, बाबांचा डबा द्यायला ऑफिसात जातात. आमच्या मुलाला ‘राहू दे, तुला त्रास होईल’ म्हणून घरी ठेवलेलं असतं. मी नवीन वर्गाला पहिल्या दिवशी सांगते, तुम्हाला माहीत असलेली दहा कामं लिहा. शिक्षक, डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, रिक्षावाले काका. चौथ्या-पाचव्या नावानंतर बरीच मुलं थांबतात. त्यांना आजवर भेटलेली माणसं तेवढीच. आवडच तयार व्हायला वाव मिळाला नसेल, तर चाचणी काय मोजणार? म्हणून मी आधी भेटी घ्यायला सांगते आणि चाचणी नंतर.

माणूस दिव्यांगच असायला हवा का?

दोन्ही प्रकारची माणसं हवीत. काम काय असतं ते कुणीही सांगेल. पण आपल्यासारख्या शरीरानं ते कसं होतं, हे आपल्यासारखाच माणूस सांगू शकतो.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं उदाहरण आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. तरुण वयात पाय गेले, व्हीलचेअर आली. त्या खचलेल्या दिवसांत स्वतः व्हीलचेअरवर असणारे उद्योजक बाबूकाका दिवाण त्यांना भेटले. पुढे नसीमादीदींनी केंद्रीय अबकारी व सीमाशुल्क खात्यात नोकरी केली आणि १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. डॉक्टरांनी, नातेवाइकांनी धीर दिलेला असतोच. पण आपल्यासारखाच माणूस कामधंदा सांभाळताना समोर दिसतो, तेव्हा ‘जमेल का’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘तुम्ही कसं करता’ हा प्रश्न तोंडात येतो. मुलाच्या मनात हा बदल झाला की मला भेट साधली असं वाटतं.

माझी मुलगी पूर्ण दृष्टीहीन आहे. तिला कुठली क्षेत्रं बंद आहेत ते आधी सांगा, म्हणजे उगाच फेऱ्या नकोत.

हा प्रश्न काळजीतून येतो, हे मला समजतं. तरी मी अशी यादी देत नाही.

सरकारी नोकऱ्यांसाठी एक यादी आहे. केंद्र सरकारनं जानेवारी २०२१ मध्ये दिव्यांगांसाठी सुनिश्चित केलेली ३५६६ पदं जाहीर केली. कुठल्या पदाला बसणं, उभं राहणं, वाचणं, ऐकणं यांपैकी काय लागतं आणि ते कुठल्या प्रकारच्या दिव्यांगत्वाला योग्य, हे तिच्यात दिलं आहे. ती जरूर बघा. पण अशा याद्या बदलतात आणि माणसांच्या जिद्दीमुळेच बदलतात. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचा केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत आधी ७७३ वा क्रमांक आला होता. मिळालेली रेल्वे लेखा सेवा दृष्टीहीन असल्याच्या कारणावरून त्यांना नाकारली गेली. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक मिळवला, प्रशासकीय सेवेत आल्या आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या. न्यायाधीशपदाचंही तेच. दृष्टीहीन आहे एवढ्या कारणावरून कुणालाही न्यायिक सेवेपासून दूर ठेवता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ३ मार्च २०२५ रोजी दिला. त्याच्या आदल्या वर्षी एखाद्या मुलीनं मला न्यायाधीशांना भेटायचंय म्हटलं असतं आणि मी ‘ते बंद आहे’ म्हणून थांबवलं असतं, तर तो माझा अपराध ठरला असता.

फेरी फुकट जाईल याची भीती बाळगू नका. ‘हे मला नको’ एवढं कळलं तरी भेटीचा उपयोग झाला.

आम्ही पालकांनी सोबत जावं का?

पोहोचवायला जा. खोलीत बसलात तर गप्प बसा. हे कठोर वाटेल, म्हणून एक प्रसंग सांगते.

बारावीतली एक दृष्टीहीन मुलगी, तिचे वडील आणि मी एका बँकेच्या शाखेत गेलो होतो. अधिकारी सज्जन, पण बोलत होते वडिलांशी. ‘हिला चहा चालतो का?’ ‘हिला कशात आवड आहे?’ आणि वडील उत्तरं देत होते. मुलीच्या मांडीवर ब्रेलमध्ये लिहिलेल्या प्रश्नांचा कागद होता. तिची बोटं पहिल्याच ओळीवर थांबलेली. दहा-बारा मिनिटं अशी गेली. शेवटी मी वडिलांना म्हटलं, भाऊ, जरा गाडी लावलीय ती बघून येऊ. आम्ही बाहेर पडलो आणि दार उघडंच ठेवलं.

आतून थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग तिनं विचारलं, ‘सर, आत्ता तुमच्या स्क्रीनवर काय आहे?’ त्यांनी सांगायला सुरुवात केली. तिनं पुढचं विचारलं, ‘हे सॉफ्टवेअर स्क्रीन रीडर वाचतो का?’ स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम. त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी दुसऱ्या शाखेतल्या एका दृष्टीहीन सहकाऱ्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पुढची वीस मिनिटं त्या दोघांचंच बोलणं चाललं होतं. कुठला स्क्रीन रीडर, कुठल्या खिडकीत तो अडतो, शॉर्टकट कसे लक्षात ठेवायचे. तो म्हणाला, ‘चेकवरची सही मला पडताळता येत नाही, ती शेजारचा मित्र बघतो. त्याच्याकडे येणारे फोन मी घेतो. आमचं ठरलेलं आहे.’

वडील दारात उभे राहून ऐकत होते. ‘हिनं हे सगळं घरी कधी विचारलं नाही,’ असं ते मला हळूच म्हणाले. घरी तिच्या तोंडचं कुणीतरी आधीच बोलत होतं.

माणसं शोधायची कुठे?

ओळखीपासून सुरुवात करा. तुमचा दूधवाला, औषध दुकानदार, सोसायटीतले कुणी, गावचा कुणी पुण्यात नोकरीला असलेला. यादी करायला बसलात की पंधरा-वीस नावं सहज निघतात.

दिव्यांग माणसं हवी असतील तर आधी विशेष शाळांच्या माजी विद्यार्थ्यांचे व्हॉट्सॲप गट गाठा, हे गट माहितीनं भरलेले असतात. मुंबईत नॅब या दृष्टीहीनांसाठीच्या संस्थेचं काम १९५२ पासून चालू आहे. सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये दृष्टीहीनांसाठी स्वतंत्र संसाधन केंद्र आहे. वांद्र्याची अली यावर जंग संस्था वाचा आणि श्रवण दिव्यांगत्वात काम करते. केंद्राच्या श्रम मंत्रालयाचं दिव्यांगांसाठीचं राष्ट्रीय करिअर सेवा केंद्रही मुंबईत आहे. खेड्यात राहत असाल तर फोनवरची किंवा व्हिडिओ कॉलवरची भेटही चालते. मात्र निदान एक भेट कामाच्या जागेवर जाऊन व्हावी. पायऱ्या, स्वच्छतागृह, गोंगाट, बसस्टॉपपासूनचं अंतर फोनवर कळत नाही.

पहिल्यांदा संपर्क करताना काय लिहायचं? दिव्यांगत्व आधी सांगायचं का?

मेसेज मुलानं स्वतः लिहावा किंवा बोलून टाइप करावा. आमच्या एका मुलाचा मेसेज असा होता:

‘नमस्कार सर. मी अकरावी कॉमर्सला आहे. मला टॅक्स कन्सल्टंटचं काम समजून घ्यायचं आहे. नोकरीसाठी नाही. तुमच्या सोयीनं २० मिनिटं मिळतील का? मी व्हीलचेअर वापरतो, तर ऑफिस तळमजल्यावर आहे का तेही कळवा. नसेल तर खाली चहाच्या टपरीवर भेटलं तरी चालेल.’

त्यानं आजाराचं नाव, टक्केवारी, ऑपरेशनं यातलं काहीच लिहिलेलं नाही. भेट नीट व्हायला जेवढं लागतं तेवढंच सांगितलं आहे. दुभाष्या सोबत येणार असेल, बोलायला वेळ लागणार असेल, तर तसं आधी कळवावं. समोरच्यालाही तयारी करता येते. लपवून गेलं की पहिली पाच मिनिटं दोघंही अवघडतात.

मी दहावीत आहे. मला काय विचारायचं तेच सुचत नाही.

‘तुम्ही आज सकाळी आल्यापासून काय काय केलं?’ इथून सुरू कर. माणसं ‘माझं काम’ या विषयावर भाषण करतात, पण ‘आज’बद्दल खरं सांगतात. मग या कामातला कंटाळवाणा भाग कुठला ते विचार, आणि शिकताना सगळ्यात जास्त कशात चुकलात, तेही. कुठला कोर्स केला, तो पुन्हा कराल का. मला भेटायला अजून कुणाचं नाव सुचवाल, हा प्रश्न शेवटी विसरू नकोस. त्यातूनच पुढची भेट मिळते.

पाच प्रश्न पुरेत. घरी आईला ‘साहेब’ करून एकदा सराव कर आणि प्रश्न पाठ करू नकोस. कागद, ब्रेल, मोबाइल, जे सोयीचं असेल ते समोर ठेव. रेकॉर्डिंग करणार असशील तर आधी विचार.

पगार विचारावा का?

‘तुम्हाला किती मिळतात’ असं विचारू नये. ‘नवीन माणसाला या कामात साधारण किती मिळतात’ असं जरूर विचारावं.

मुलगा कर्णबधिर आहे. भेट कशी होणार?

खुणांची भाषा वापरत असेल तर दुभाष्या शोधा. विशेष शाळेतले शिक्षक बऱ्याचदा मदत करतात. समोरच्यानं दुभाष्याकडे न बघता मुलाकडे बघून बोलावं, हे सुरुवातीलाच सांगा. लाइव्ह ट्रान्स्क्राइब हे मोबाइलवरचं ॲप मराठी बोलणं लिहून दाखवतं. गोंगाटात आणि आपल्या कोल्हापुरी उच्चारांना ते बऱ्यापैकी चुकतं, म्हणून वही-पेन हवंच.

नववीतल्या एका मुलाला घेऊन इचलकरंजीतल्या एका यंत्रमागाच्या शेडमध्ये गेले होते. आत पाऊल टाकल्याबरोबर मी कानांवर हात ठेवले. तो शांतपणे बघत उभा राहिला. दोन मिनिटांत माझी बाही ओढून त्यानं खुणेनं सांगितलं, ‘हे सगळे माझ्यासारखं बोलतात!’ खरंच होतं ते. खडखडाटात तिथे कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. सुताची कांडी संपली, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला बोलव, चहा आला, सगळं हातांनी आणि भुवयांनी चालतं. त्यानं वहीत लिहिलं, ‘माग बिघडायला लागला हे आधी कसं कळतं?’ म्हाताऱ्या कामगार काकांनी सवयीनं स्वतःच्या कानाकडे बोट केलं, आणि थांबले. मग त्याचा तळहात धरून मागाच्या फ्रेमवर टेकवला. तिथून शेजारच्या मागावर. पुन्हा पहिल्यावर. तिसऱ्यांदा मुलाच्या चेहऱ्यावर उजेड पडला, त्याला फरक कळला होता.

त्याला मागावर काम करायचं नाही. त्याच्या मनात भरली ती कापड तपासायची जागा. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावरून कापड सरकत जातं आणि माणूस दोष हेरतो, तिथून तो हलायलाच तयार नव्हता. आता तो टेक्स्टाइलच्या डिप्लोमाची चौकशी करतो आहे.

एक सूचना. ज्या मुलांना थोडं ऐकू येतं त्यांना अशा आवाजात फार वेळ ठेवू नका, उरलेलं ऐकणं कमी होऊ शकतं. आणि कर्णबधिर म्हणजे प्रेस किंवा शिलाई, दृष्टीहीन म्हणजे खुर्च्यांचं वेताचं विणकाम किंवा टेलिफोन ऑपरेटर, हे जुने साचे आता बाजूला ठेवूया. यंत्रमागाची भेट त्यानं स्वतः मागितली होती, त्याचे बाबा तिथे कामाला होते.

मुलीला बौद्धिक दिव्यांगत्व आहे. प्रश्न विचारणं तिला जमणार नाही. तिला यातून काय मिळणार?

तिच्यासाठी बोलणं कमी आणि बघणं-करणं जास्त ठेवा. बेकरीत, रोपवाटिकेत, फोटोकॉपीच्या दुकानात अर्धा तास. तीन चित्रकार्डं पुरतात: ‘काय करता?’, ‘मी करून बघू?’, ‘आवडलं / नाही आवडलं’. मालकाची परवानगी घेऊन तिला एक छोटं काम करू द्या, जसं पाव पिशवीत भरणं. घरी आल्यावर फोटो दाखवून तिचं उत्तर घ्या आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा घ्या. तिचं ‘नाही’ तुम्हाला गैरसोयीचं असलं तरी ते खरं माना.

स्वमग्न मुलांसाठी प्रश्न आदल्या दिवशी समोरच्याला पाठवून ठेवा, जागेचा फोटो मुलाला आधी दाखवा आणि वेळ ठरली तशीच पाळा. डोळ्याला डोळा भिडवायला लावू नका.

माझं बोलणं लोकांना पटकन समजत नाही. सेरेब्रल पाल्सी आहे. लोक माझं वाक्य स्वतःच पूर्ण करतात.

पहिलं वाक्य तयार ठेव, लिहून दाखवलंस तरी चालेल: ‘मला बोलायला वेळ लागतो. कृपया वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबा. समजलं नाही तर पुन्हा विचारा, मला राग येत नाही.’ प्रश्न टाइप करून फोनकडून वाचूनही घेता येतात. वीस मिनिटांऐवजी चाळीस मागून घे. तुला तेवढी लागतात, म्हणून तेवढीच माग.

दिव्यांग प्रमाणपत्र किंवा युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) न्यायचं का?

नको. प्रवासातल्या सवलतीसाठी खिशात असू दे, टेबलावर ठेवायचं कारण नाही.

कुणी ‘तुला हे जमणार नाही’ असं तोंडावर सांगितलं तर?

असं घडतं. एका ठिकाणी मुलाच्या हातात पन्नास रुपये देऊन त्याची बोळवण केली गेली. तो बसमध्ये घरापर्यंत एक शब्द बोलला नाही. मीही त्याला लगेच समजावलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं वहीत लिहिलं होतं, ‘ते काम कसं असतं हे मला अजून कळलं नाही.’ त्याच कामातल्या दुसऱ्या माणसाला आम्ही त्याच आठवड्यात गाठलं. एका क्षेत्रात निदान तीन माणसांना भेटा, असं मी म्हणते ते यासाठी.

तोंडावर ‘जमणार नाही’ ऐकलंच, तर मुलाला एवढं विचारता यावं: ‘यातला कुठला भाग जमणार नाही असं तुम्हाला वाटतं?’ कधीकधी उत्तर कामाचं निघतं. वजन उचलावं लागतं, रात्रपाळी असते. मग त्यावर विचार करता येतो.

कायद्याबद्दल विचारलं तर लोक बिचकतील का?

पहिल्याच भेटीत आरक्षणावर वाद घालू नये. पण अकरावी-बारावीच्या मुलांना थोडी माहिती असावी. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा २१ प्रकारची दिव्यांगत्वं मानतो आणि सरकारी नोकरीत ४ टक्के जागा राखून ठेवतो. त्याचा लाभ ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना मिळतो. बऱ्याच पालकांना माहीत नसतं की कायद्यानं खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण ठेवावं लागतं, आणि २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर ते अधिक तपशिलात. मोठ्या कंपनीतल्या माणसाला ‘तुमच्याकडे समान संधी धोरण आहे का, ते मला वाचायला मिळेल का?’ असं नम्रपणे विचारणं अगदी योग्य आहे. ‘बघून सांगतो’ म्हणणारे बरेच भेटतात. त्यातल्या काहींना ते शोधताना पहिल्यांदाच वाचायला मिळतं.

भेट झाल्यावर पुढे काय?

त्याच संध्याकाळी आभाराचा मेसेज पाठवावा, त्यात ऐकलेली एक नेमकी गोष्ट असावी. वहीत तीन ओळी लिहाव्यात किंवा रेकॉर्ड कराव्यात: काय आवडलं, काय नको वाटलं, आता कुणाला भेटायचं. निर्णय त्या रात्री घ्यायचा नाही. नात्यातल्या मंडळींना फोन करून ‘आमची आता बँकेत जाणार’ असं जाहीर करू नका, पोरीवर ओझं येतं.

ती बारावीची मुलगी अजून त्या दृष्टीहीन अधिकाऱ्याशी महिन्यातून एकदा फोनवर बोलते. मागच्या खेपेला तिनं त्यांना विचारलं होतं, सही पडताळणारा मित्र रजेवर असला की तुम्ही काय करता? ते म्हणाले, ‘मॅनेजरना सांगतो, ते दुसऱ्या कुणाला बसवतात. आधी मलाही सांगायला संकोच वाटायचा.’ पुढची भेट तिनं स्वतःच ठरवली आहे, रेडिओवरच्या एका निवेदिकेशी. जाताना कुणी सोबत यायची गरज नाही, असं तिनं घरी सांगितलं आहे. बाबा तिला बसस्टॉपपर्यंत सोडणार आहेत.